डोंगर नसलेला किल्ला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी जवळ आली की मला एक जुना निकाल आठवतो. तो निकाल मीच दिला होता आणि तो चुकीचा होता.

मी घाटनांदूरचा. अंबाजोगाई तालुक्यातले हे रेल्वेचे गाव. शाळेत मी इतिहास शिकवत असे. १९८०च्या दशकात एका दिवाळीच्या सुटीआधी आम्ही मुलांची किल्ल्यांची स्पर्धा ठेवली. परीक्षक मीच. पटांगणात सहा किल्ले झाले. चार रायगड, एक प्रतापगड आणि सहावा काय आहे ते मला कळेना. बाकीचे किल्ले कमरेपर्यंत उंच, हा मात्र जमिनीच्या खाली. सातवीतल्या एका मुलाने तीन बाजूंनी हातभर खोल खणून मध्ये जिभेसारखी जमीन ठेवली होती. चौथ्या बाजूने जमीन सपाट आणि तिथे एक आडवा चर.

मी विचारले, ‘‘अरे, डोंगर कुठंय?’’

तो म्हणाला, ‘‘सर, तिथं डोंगर नाहीच. चालत जायचं आत. तीन बाजूंनी दरी हाये.’’

पोरे हसली. मीही हसलो. पहिले बक्षीस एका उंच रायगडाला दिले आणि या मुलाला ‘किल्ला पूर्ण केला नाही’ असा शेरा दिला.

माझे किल्ल्याचे शिक्षण कसे झाले ते आधी सांगतो. दिवाळीत किल्ला करायची चाल पुण्या-साताऱ्याकडे जशी रुजली तशी आमच्याकडे नव्हती. आमच्या अंगणात दिवाळीला आई आणि आत्या शेणाच्या गवळणी मांडत, पाडव्याला पांडव. किल्ला आमच्या घरी आणला पुण्याहून आलेल्या आतेभावाने. येताना त्याने रुमालात गुंडाळून दहा-बारा मातीचे मावळे आणले होते. मावळे आले, आता त्यांना उभे करायला जागा हवी. आम्ही शेतातून टोपलीभर काळी माती आणली, भिजवली आणि डोंगर रचला. नरक चतुर्दशीच्या सकाळी पाहतो तर बोट जाईल एवढ्या भेगा! तट एकीकडे, बुरूज दुसरीकडे आणि दोन मावळे भेगेत.

शेजारी एक वृद्ध गवंडी राहत. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. ते हसले आणि म्हणाले, ‘‘काळी पिकाला, पांढरी घराला.’’ काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तडकते. पांढरी माती तशी नसते. म्हणून मराठवाड्यातली माळवदे, वाडे, गढ्या पांढरीच्या. बाबांनी आम्हाला एका पडक्या भिंतीची पांढरी माती आणायला लावली. तिच्यात भुसा आणि थोडे शेण घालून दोन दिवस मुरवली. आधी दगड-विटांचे तुकडे रचायचे, त्यावर ओले गोणपाट अंथरायचे आणि मग मातीचे पातळ थर द्यायचे. एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. त्या वर्षीचा दुसरा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला.

तरी तो खरा वाटेना. नवा कोरा, लाडवासारखा गुळगुळीत. बाबांनी मग त्याला जुने करायला शिकवले. ती रीत आज जगभरचे छंदी लोक आपापल्या रंगांनी करतात तीच आहे. आधी गडद रंग. स्टेशनवर इंजिनाच्या राखेत जळक्या कोळशाचे खडे मिळत. ते कुटून पाण्यात कालवायचे आणि ते पाणी तटावर सोडायचे. काळपट रंग सांदीसपाटीत बसतो. मग ओल्या फडक्याने वरचा पुसून घ्यायचा. खोलगट भाग काळा राहतो आणि दगडांचे सांधे दिसू लागतात. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने चुन्याची निवळ फक्त कडांवर ओढायची. उन्हापावसाने दगडाची धार उजळते, तशी ती दिसते.

पण बाबांचा खरा धडा वेगळा होता. ‘‘पाणी कुठून उतरतं ते आधी बघ,’’ असे ते म्हणत. तटावरचा डाग हवा तिथे काढायचा नसतो. पाणी जिथून गळते तिथूनच तो खाली ओघळतो. शेवाळ सावलीच्या अंगाला. गवत तटाच्या पायथ्याशी, कारण माती तिथे साठते. पायऱ्या मधोमध झिजतात, कडेला नाही. डाग, शेवाळ, झीज यांतले प्रत्येक चिन्ह काहीतरी घडल्याची खूण असते. हेच पुढे मी इतिहास म्हणून शिकवले, पण शिकलो ते गोणपाटावर.

दुसरी अडचण मापाची. मावळा दोन इंचांचा असेल तर साडेपाच फुटांचा माणूस तेहतीसपट लहान झाला. त्याच मापाने तीस फुटी तट अकरा इंच उंच व्हायला हवा. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच. तो तेहतीसपट लहान केला तरी पंचवीस मीटर, म्हणजे आठ मजली इमारत! म्हणून अंगणातल्या रायगडावर महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि तोफ मावळ्याच्या गुडघ्याला लागते. मापात राहायचे असेल तर अख्खा किल्ला करायचाच नाही. एक दरवाजा, एक बुरूज आणि त्यांच्यापुढची जमीन एवढेच करायचे. हे मला पटायला फार वर्षे लागली, कारण अंगणात उंचीला टाळ्या मिळतात.

त्या स्पर्धेनंतर बऱ्याच वर्षांनी मी प्रथमच किल्ले धारूरला गेलो. आमच्याच जिल्ह्यातला किल्ला, पण मी तोवर रायगड तीनदा पाहिला होता आणि धारूर एकदाही नाही. गावातून चालत निघालो. चढ कधी लागतो याची वाट पाहत राहिलो आणि चढ आलाच नाही. सपाटीवरून खंदकापाशी आलो, दरवाजातून आत गेलो आणि तटावरून खाली पाहिले. तीन बाजूंनी दरी! बालाघाटाचे पठार तिथे जिभेसारखे पुढे आले आहे. निसर्गाने तीन बाजू राखल्या, चौथ्या बाजूला माणसाने खंदक खोदला.

मी तिथे उभा असताना मला शाळेचे पटांगण आठवले. त्या मुलाने धारूर केला होता. मापासकट नसेल, पण जमीन अगदी बरोबर होती. सह्याद्रीत किल्ला करायचा म्हणजे डोंगर उभारायचा. बालाघाटात किल्ला करायचा म्हणजे आधी दरी खणायची. परंडा, औसा, उदगीर हे तर सरळ भुईकोट. आम्हा मराठवाड्यातल्या मुलांच्या अंगणात मात्र कायम दुसऱ्यांचे डोंगर उभे राहिले.

त्याचे कारणही उघड आहे. धारूरच्या तटावर कोणाला उभे करायचे? १५६७-६८च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीतल्या किश्वरखानाने हा किल्ला बांधला. १५६९मध्ये अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहाने तो घेतला आणि किश्वरखान त्या वेढ्यात बाण लागून मेला. १६३१मध्ये शहाजहानच्या आझमखानाने तो मोगलांकडे आणला. रुमालातल्या मावळ्यांना इथे जागा सापडत नाही आणि मावळ्यांना जागा नाही म्हणून कोणी जमीनही करत नाही.

आधी जमीन की आधी शिपाई, हा प्रश्न आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये विल्यम सायबॉर्न नावाचा एक लष्करी अधिकारी होता. १८१५च्या वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम त्याला १८३०मध्ये मिळाले. त्याने शिपायांना हात लावण्याआधी रणभूमीवरच्या एका शेतघरात आठ महिने मुक्काम केला आणि जमीन मोजली. लढाईतल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून त्याने विचारले, संध्याकाळी सात वाजता तुमची तुकडी कुठे होती आणि तुमच्यासमोरच्या शेतात पीक कोणते होते? पीक कशाला? तर उभ्या पिकात माणूस लपतो आणि घोड्याचा वेग मोडतो. मधेच सरकारने पैसे थांबवले, तो कर्जात बुडाला, तरी १८३८मध्ये ७० हजारांहून अधिक कथलाच्या शिपायांसह ती प्रतिकृती लंडनमध्ये मांडली गेली. जमिनीवर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो शिपायांवर. प्रशियाची फौज सायबॉर्नने जितकी पुढे दाखवली तितकी ती नव्हती, विजय आमचा आहे, असे वेलिंग्टनच्या बाजूचे लोक म्हणू लागले. शेवटी त्याने बरेच प्रशियन शिपाई उचलून टाकले. ती प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे.

निवृत्त झाल्यावर मी ठरवले की आता नातवंडांबरोबर आपल्या जिल्ह्याची जमीन करायची. निवडले राक्षसभुवन. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण काठावरचे, शनीच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेले गाव. १० ऑगस्ट १७६३ रोजी इथे थोरल्या माधवरावांनी निजाम अलीच्या फौजेचा पराभव केला. त्याच वर्षी निजामाने पुणे लुटून जाळले होते. औरंगाबादेकडे परतताना निजाम काही फौजेसह नदी उतरून पलीकडे गेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मोठ्या फौजेसह अलीकडेच राहिला. पेशव्यांनी नेमके तेव्हा गाठले. राघोबादादा लढाईत वेढले गेले होते, त्यांना माधवरावांनी सोडवले. विठ्ठल सुंदर मारला गेला. निजाम पैलतीरावरून पाहत राहिला, कारण मध्ये पुराची गोदावरी होती.

म्हणजे या देखाव्यात मुख्य पात्र नदी. आम्ही चार फुटी फळी घेतली. या वेळी मात्र पांढरी नाही, काळीच माती! ऑगस्टात भेगा नसतात, चिखल असतो. चाळलेली काळी माती सरसाच्या पाण्यात कालवून पातळ लिंपली. ती ओली दिसावी म्हणून वाळल्यावर खोलगट जागी डिंकाचे पाणी दिले. नदीला काच घेतली आणि खालून काव आणि पिवळी माती लावली. निळा रंग नातीने आणला होता, तो परत ठेवायला सांगितला. पुराची गोदा निळी नसते. काठाची माती पाण्यालगत गडद, वर फिकट. तोफांच्या चाकोऱ्या खोल आणि त्यांत साचलेले पाणी. श्रावणातली बाजरी म्हणून झाडूच्या काड्या रोवल्या आणि फौज जिथून गेली तिथे त्या आडव्या केल्या. जयकवाडीचे धरण पूर्ण झाले १९७६ साली. त्यामुळे आजची नदी पाहून तेव्हाची नदी करता येत नाही, हेही मुलांना सांगितले.

मग शिपाई मांडायची वेळ आली. नातवाने भगव्या पागोट्यांचे सगळे एका बाजूला केले आणि विचारले, ‘‘आजोबा, आपण कुठल्या बाजूला होतो?’’

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. विठ्ठल सुंदर नावाचा दिवाण निजामाचा. नागपूरकर जानोजी भोसले आधी निजामाकडे, ऐन वेळी पेशव्यांकडे. निजामाच्या फौजेत मराठे सरदार होतेच. आमचा हा मुलूख तर १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. आमच्या गावचा एखादा शिलेदार त्या चिखलात असेल, तर तो कोणत्या काठावर होता ते मी सांगू शकत नव्हतो. मी म्हणालो, ‘‘दोन्ही बाजूंना आपली माणसं होती, बाळा.’’ त्याने थोडा विचार केला आणि चार भगवी पागोटी उचलून विठ्ठल सुंदराच्या फौजेत ठेवली. माझ्या सगळ्या नोकरीत इतका चांगला धडा मी घेतला नव्हता. जमीन आधी केली नसती, तर तो प्रश्न निघालाच नसता. आम्ही नेहमीप्रमाणे इकडे आपले, तिकडे शत्रू असे मांडून मोकळे झालो असतो.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने शिवकाळाशी निगडित बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. नोंद झाली ती मात्र नुसत्या किल्ल्यांच्या नावाने नाही, तर ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने. डोंगर, दरी, बेट, समुद्र यांच्यासकट. किल्ला जमिनीपासून सुटा करता येत नाही, हे आता जगाच्या यादीत लिहिले गेले आहे. आमच्या पटांगणात ते एका सातवीतल्या मुलाने चाळीस वर्षांपूर्वी खणून दाखवले होते.

यंदा बाजारात तयार किल्ले येतील, रंगवलेले, चकचकीत. घ्यायचे तर जरूर घ्या. पण मुलांना घेऊन एकदा आपल्या शिवारातला चढउतार पाहून या. गढीची पडकी भिंत कुठून ढासळते, पाणी कुठून वाहते, वाट कुठे झिजली आहे ते त्यांना दाखवा. मूठभर माती घरी आणा आणि तिच्यापासून सुरुवात करा.

तो मुलगा आता पन्नाशीच्या पुढे असेल. हे भाषण त्याच्या कानी पडले, तर त्याला एवढेच सांगायचे आहे. बाबा रे, तुझा किल्ला पूर्ण होता. त्या वर्षीचे पहिले बक्षीस तुझे.