गॅसबत्ती आणि बेडूक

बेडकाच्या तंगड्या परदेशी पाठवायचा धंदा एकेकाळी आपल्या देशात जोरात होता. पावसाळी रात्री माणसं गॅसबत्ती घेऊन भातखाचरात उतरायची. डोळ्यावर उजेड पडला की बेडूक जागीच थिजतो. उचलायचा अन् पोत्यात टाकायचा. आपल्या पिकातले किडे खाणारा प्राणी असा चालला म्हणून ओरड झाली आणि १९८७ साली सरकारनं निर्यात बंद केली.

पकडणारे गेले, उजेड मात्र वाढला. आता वस्तीवर रात्रभर एलईडी जळतात. अंधाराला सरावलेले डोळे तसेच दिपतात. काही जातींचे नर उजेडात कमी ओरडतात, मग मादी येणार कशी? खडबडीत अंगाचे भेक खांबाखाली किडे टिपायला जमतात अन् गाडीखाली जातात.

विहिरीवरचा दिवा मी मृगापासून बंदच ठेवतो. मोटार चालू करायला हातातली बॅटरी पुरते.