तालमीचा फुटबॉल आणि पेठेचा प्रेक्षक

कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावे ऐकून बाहेरगावचा माणूस चक्रावतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. तिथे फुटबॉलचे काय काम? इथल्या समर्थकाचा इतिहास याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान उभारले. पेठांतल्या तालमींना त्या काळात बळ आले. १९२२ मध्ये गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत फुटबॉल रुजला आणि १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. खेळ नवा होता, पण त्याला लागणारी माणसे, वर्गणीची रीत आणि पेठेची ईर्षा तालमींपाशी आधीपासूनच होती. माझ्या मते हा खेळ इथे टिकला तो यामुळेच.

म्हणून इथला समर्थक संघ निवडत नाही. ज्या गल्लीत जन्म, ती तालीम त्याची. ज्या तालमीच्या मांडवात गणपती बसतो, तिचाच संघ शाहू स्टेडियमवर उतरतो. अनेक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. २०१८ आणि २०१९ मध्ये गणेशोत्सव व मोहरम एकत्र आले, तेव्हा काही ठिकाणी गणपती आणि पंजे शेजारीशेजारी होते. या माणसाच्या लेखी फुटबॉल हा वर्षाच्या याच व्यवहाराचा एक भाग आहे. बहीण दुसऱ्या पेठेत दिली असेल, तर सामन्याच्या दिवशी मामा एका बाजूला आणि भाचा दुसऱ्या बाजूला बसतो.

या निष्ठेची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. हार संघाची न राहता पेठेची होते. मग घोषणा, हुल्लडबाजी, दगडफेक, पोलीस बंदोबस्त. सामने थांबवण्याची वेळही येते. त्याची किंमत मोजतो तो गल्लीतला पोरगा. त्याला आपला खेळ दाखवायला हेच मैदान असते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघात असलेला अनिकेत जाधव याच शहराचा. असा दुसरा मुलगा घडायचा, तर हंगाम अखंड पार पडला पाहिजे.

राजवाड्याचा इतिहास दप्तरांत सापडतो. प्रेक्षकाचा इतिहास तालमीच्या कपाटातल्या ढालींवर, भिंतीवरच्या संघांच्या छायाचित्रांत आणि कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. छायाचित्रातल्या पोरांची नावे सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत. प्रत्येक तालमीने एक वही घालून ती नावे उतरवून घ्यावीत. पुढच्या हंगामाच्या वर्गणीतून वहीचा खर्च सहज निघेल.