जुन्या उघड्या हॅचबॅकला मोठे इंजिन
लोणावळा : जुन्या, उघड्या छताच्या हॅचबॅकमध्ये मोठे इंजिन बसविल्यास खोपोलीहून लोणावळ्याकडे येणारा बोरघाट चढणे सोपे होते, उतरताना मात्र मूळ ब्रेकची कसोटी लागते. छताअभावी सांगाड्याला पीळही लवकर बसतो. १९७९च्या फोक्सवॅगन गोल्फ कॅब्रिओलेत सुरक्षितता व मजबुतीसाठी मधोमध पक्की कमान होती. त्यामुळे इंजिनापाठोपाठ ब्रेक, सस्पेन्शन व रेडिएटरचाही विचार करावा लागतो.

कायद्याची अडचण मोठी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल, असा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनुसार मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.