क्षय नाही, कर्करोगही नाही

आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेहून डॉक्टर होऊन परतल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातला स्त्रियांचा विभाग त्यांच्या हाती यायचा होता. पण रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी 1887 मध्ये, त्या क्षयाने गेल्या. तेच रुग्णालय आजचे सीपीआर. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कामगार बाईला मोठ्या तपासणीसाठी आजही कोल्हापूरच गाठावे लागते, आणि स्तनातली गाठ फुटून पू वाहू लागला की डॉक्टरच्या मनात आजही आधी क्षयच येतो.

ही शंका जुनी आहे. स्तनाच्या क्षयाचे वर्णन लंडनचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी 1829 मध्येच केले होते. पण त्याच्याशी हुबेहूब जुळणारा एक वेगळा आजार आहे, हे कळायला 1972 साल उजाडले. केसलर आणि वोलोक यांनी पाच रुग्णांवरून ‘ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस’ची ओळख करून दिली. बाळंतपणानंतर काही वर्षांत तरुण बाईला तो गाठतो. स्तन लाल होतो, दगडासारखा घट्ट लागतो, गळवे फुटतात, भरतात आणि पुन्हा फुटतात. बाहेरून पाहता कर्करोगच वाटावा. उपाय म्हणून काहींचा सबंध स्तन काढला गेला. 1980 पासून स्टिरॉइडचा वापर पुढे आला. बऱ्याच जणींना गुण आला, पण कारण अंधारातच राहिले.

ते कारण दाखवणारा धागा न्यूझीलंडमध्ये सापडला. 2002-03 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या पुवातून आणि ऊतींतून कोरिनेबॅक्टेरियम वेगळे केले. त्यातली ‘क्रोपेनस्टेटी’ ही जात शास्त्राला 1998 पासूनच माहीत होती. सूक्ष्मदर्शकाखाली सुजलेल्या ऊतीत बारीक गोल पोकळ्या दिसतात. त्यांतली चरबी तपासणीची काचपट्टी तयार करताना विरघळून गेलेली असते. कडेने पांढऱ्या पेशींची गर्दी आणि आत, नीट शोधले तरच, ग्रॅम रंगाने जांभळ्या झालेल्या दोन-चार काड्या.

या जंतूला चरबी लागते आणि तो सावकाश वाढतो. म्हणून कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, दोन दिवसांत ‘वाढ नाही’ असा अहवाल येतो. वाढला तरी त्वचेवरचा सामान्य जंतू म्हणून बाजूला सारला जातो. नेहमीची पेनिसिलिन गटातली औषधे अनेकदा कामी येत नाहीत. डॉक्सिसायक्लिनसारखी चरबीत मुरणारी औषधे, तीही बरेच आठवडे, द्यावी लागतात. प्रत्येक रुग्णात हा जंतू सापडतोच असे मात्र नाही.

आपल्याकडची गुंतागुंत इथेच आहे. क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन या जंतूवरही चालते. त्यामुळे ‘एकेटी’ने, म्हणजे क्षयाच्या औषधांनी, उतार पडला, एवढ्यावरून क्षयच होता असे ठरत नाही. उलट क्षय नक्की वगळल्याशिवाय स्टिरॉइड देणे धोक्याचे.

तेव्हा गाठीचा तुकडा काढला, तर तो पॅथॉलॉजीबरोबर कल्चरलाही पाठवा, क्षयाची जनुकीय चाचणी करून घ्या आणि कल्चर जास्त दिवस ठेवायला प्रयोगशाळेला सांगा, असा आग्रह बाईने आणि तिच्या घरच्यांनी डॉक्टरांकडे जरूर धरावा.