मोटारीचें पेट्रोल आणि लहान विमान

राजापेठेंतून बडनेऱ्याच्या रस्त्यानें बेलोऱ्याच्या विमानतळाकडे निघालें म्हणजे वाटेंत पेट्रोलच्या पंपांवर मोटारींची व स्कुटरींची दाटी दिसते. हेंच पेट्रोल घालून विमान उडेल काय, असा प्रश्न एका विद्यार्थ्यानें आम्हांस केला, तेव्हां वर्गांत हंशा पिकला. परंतु प्रश्न हंशावारी नेण्याजोगा नाहीं; निदान आरंभींचा इतिहास तरी त्या विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे.

१७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें विमान उडालें त्या दिवशीं विमानाचें असें निराळें इंधन जगांत नव्हतेंच. त्यांचा कारागीर चार्ल्स टेलर यानें घडविलेलें सुमारें १२ अश्वशक्तीचें इंजिन साध्या पेट्रोलवर चाललें. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले व मुंबईच्या वाटेवर अहमदाबादेस उतरले, तेव्हां त्यांच्या पुस मॉथ विमानासाठीं बर्मा शेल कंपनीचें पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांत भरून बैलगाडीनें आलें होतें. बैलांनीं विमानाची वैरण वाहून आणावी, हा योग आमच्या देशासच शोभतो!

मग दोहोंच्या वाटा फुटल्या कोठें? इंजिनाच्या नळकांड्यांत ठिणगी पडली म्हणजे ज्वाला क्रमाक्रमानें पसरावी अशी अपेक्षा असते. दाब फार वाढविला तर उरलेलें मिश्रण ज्वाला पोंचण्यापूर्वींच आपोआप भडकतें, इंजिन ठोके देऊं लागतें, आणि तसेंच चालत राहिल्यास दट्ट्या फुटतो. मोटार अशा वेळीं रस्त्याच्या कडेला उभी करतां येते. आकाशांत कडेचा रस्ता नसतो. १९२१ सालीं मिजली यानें शिशाचें एक संयुग मिसळून हे ठोके थांबविले, व १९२६ सालीं ग्रॅहॅम एडगर यानें पेट्रोलचा हा गुण मोजण्यास ऑक्टेनचें माप दिलें. १९४० सालीं ब्रिटनच्या लढाऊ विमानांत १०० ऑक्टेनचें पेट्रोल पडूं लागलें, आणि विमानाचें इंधन मोटारीच्या इंधनापासून दूर गेलें तें गेलेंच.

लहान विमानांची मात्र यांत ओढाताण झाली. सेस्ना १५० सारख्या विमानाचें कमी दाबाचें इंजिन ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठीं केलेलें; तें पेट्रोल दुर्मिळ झाल्यावर त्याच्या वांट्यास आलेल्या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलमध्यें शिसें जवळजवळ चौपट असे, व त्यानें ठिणगीचे प्लग माखून जात. म्हणून अमेरिकेंतील एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशननें चाचण्या करून १९८२ सालीं या विमानांत मोटारीचें पेट्रोल घालण्याची रीतसर मान्यता मिळविली. ही केवळ काटकसर नव्हती. यंत्राच्या प्रकृतीस मानवेल तें अन्न त्यास देणें होतें.

तरीही राजापेठेंतील पंपावरून डबा भरून न्यावा असें आम्ही कोणास सांगणार नाहीं. मोटारीचें पेट्रोल लवकर उडून जाणारें. वऱ्हाडच्या वैशाखांत तापलेल्या नळींत त्याची वाफ कोंडली कीं इंजिनास इंधन पोंचत नाहीं. दुसरें विघ्न मद्यार्काचें. २०२५ सालीं आपल्या देशांत पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण शेंकडा २० पर्यंत गेलें. इथेनॉल पाणी शोषतें, आणि उंचावरील थंडींत तें पाण्यासह वेगळें होऊन टांकीच्या तळाशीं बसतें. जुन्या रबरी जोडांसही तें सोसत नाहीं. वरील अमेरिकन मान्यतेंत इथेनॉलला मज्जावच आहे. बेंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या ‘हंस’ विमानांत बसविलेलीं ऑस्ट्रियाचीं रोटॅक्स इंजिनें मुळांतच मोटारीच्या पेट्रोलवर चालूं शकतात. पण तींही शेंकडा १० पर्यंतच इथेनॉल चालवून घेतात.

दुसऱ्या बाजूसही समाधान नाहीं. मोटारींच्या पेट्रोलमधील शिसें १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालें, परंतु विमानाच्या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलमध्यें लिटरमागें ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसें राहूं दिलेलें आहे. हें पेट्रोल पूर्वीं परदेशांतून येई. इंडियन ऑइलनें २०२२ सालीं वडोदऱ्याजवळच्या कारखान्यांतून तें विक्रीस आणलें. स्वदेशी म्हणून आनंद आहेच. मुलांच्या मेंदूस घातक म्हणून रस्त्यावरून हद्दपार केलेला पदार्थ डोक्यावरून फिरावा, याचें मात्र आम्हांस नवल वाटतें.

एअर इंडियाची वैमानिक-शाळा बेलोऱ्यास ठरली आहे, आणि तिच्यासाठीं २०२५ च्या जानेवारींत ३१ पायपर व ३ डायमंड विमानांची मागणी जाहीर झाली. त्यांच्या इंजिनांस पेट्रोल लागत नाहीं, मोटारीचें नाहीं कीं शिशाचेंही नाहीं. तीं जेट विमानांच्या इंधनावर चालतात; म्हणजे आमच्या आजीच्या चिमणींत जळणाऱ्या घासलेटाच्या एका शुद्ध भावंडावर.