नेग्रींचे ठिपके आणि इस्तंबूलची गाळणी

सोलापुरात ज्या घरात माग आहे, तिथे राहायची जागा आणि कामाची जागा वेगळी काढता येत नाही. पेशीत शिरलेला विषाणूही असाच कारखाना थाटतो. फरक एवढाच, की घर दुसऱ्याचे असते. हे कळायला शतक लागले. त्या इतिहासातले एक पान इस्तंबूलचे आहे, म्हणून मी ते इथे मांडतो आहे.

१९०३ साली इटलीतील पाविया येथे अदेल्की नेग्री यांना रेबीजने मेलेल्या जनावरांच्या मेंदूपेशींत गोल ठिपके दिसले. हाच रोगाचा परजीवी, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी उस्मानी राजधानीतल्या रेबीज संस्थेत रेमलिंगर आणि रिफत बे यांनी बाधित मेंदूचा अर्क अतिशय बारीक गाळणीतून गाळला. गाळलेल्या द्रवातही रोग शिल्लक होता! एवढे मोठे ठिपके गाळणीतून जाणे शक्य नव्हते. म्हणजे रोगाचे कारण त्याहून कितीतरी लहान होते.

मग ठिपके कशाचे? पुढची अनेक दशके प्रयोगशाळांनी ते फक्त निदानाची खूण म्हणून वापरले. २००९ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवले, की विषाणूच्या आरएनएच्या नकला तिथेच तयार होतात. २०१७ साली कळले, की या कारखान्याला भिंतीच नाहीत. पाण्यात तेलाचा थेंब राहावा तसा तो पेशीत राहतो. कोरोनाचा विषाणू मात्र पेशीच्याच पडद्यांपासून दुहेरी भिंतीच्या खोल्या बांधतो.

रेबीजच्याच कुळातला चांदिपुरा विषाणू १९६५ साली नागपूरजवळ सापडला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो ओळखला. २००३ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात त्याची लागण झालेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली. त्यावर आजही लस नाही, खात्रीचे औषध नाही. असे कारखाने बंद कसे पाडायचे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

रेबीजवर लस आहे, पण ती वेळेत घ्यावी लागते. आमच्याकडे कुत्रा चावला की अजूनही कुणी जखमेवर मिरची भरतो, कुणी ताईत बांधतो. दुआ जरूर करा. पण आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. विषाणू नसांतून मेंदूकडे निघालेला असतो. तिथे त्याचा कारखाना सुरू होऊन लक्षणे दिसू लागली, की डॉक्टरांच्या हातातही फारसे काही उरत नाही.