निर्णय केव्हा घ्यायचा? : बहुरूपतेच्या दोन वाटा

१/ पाठ्यपुस्तकात एक वाक्य हमखास आढळते : ओव्हरलोडिंग म्हणजे कंपाइल-टाइम बहुरूपता, ओव्हररायडिंग म्हणजे रनटाइम बहुरूपता. परीक्षेपुरते ते ठीक. मात्र या दोन कल्पना निरनिराळ्या गरजांतून जन्मल्या, आणि दोहोंच्या इतिहासात १९६७ हे वर्ष मोलाचे ठरले.

२/ पहिली कल्पना जुनी. १९५७च्या फोरट्रानमध्ये पूर्णांक आणि दशांश संख्या या दोहोंसाठी बेरजेचे चिन्ह एकच होते. त्यामागची यंत्राज्ञा कोणती, हे कंपायलर आधीच ठरवी. १९६७मध्ये कोपनहेगन येथील व्याख्यानांत ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी बहुरूपतेचे दोन प्रकार मांडले : प्रत्येक प्रकारच्या माहितीसाठी वेगळी कृती, किंवा सर्वांसाठी एकच कृती.

३/ त्याच वर्षी ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन निगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा मांडली. प्रत्यक्ष व्यवहारांचे प्रतिरूप संगणकावर चालवणे, हे त्यांचे मूळ उद्दिष्ट. समजा, एकाच रांगेत ट्रक आहेत आणि बसही. ‘माल उतरवा’ की ‘प्रवासी उतरवा’, हे पुढे कोणते वाहन येते त्यावर अवलंबून. आणि ते प्रोग्राम चालू झाल्यावरच कळते. म्हणून ‘व्हर्च्युअल’ प्रोसीजर आली.

४/ केंब्रिजमध्ये पीएचडी करणारे बियार्ने स्ट्रॉस्ट्रूप सिम्युलाच्या रचनेवर लुब्ध झाले. परंतु त्यांचा प्रोग्राम इतका संथ चाले, की तो बीसीपीएल भाषेत पुन्हा लिहावा लागला.

५/ हा अनुभव गाठीशी बांधून १९७९मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी ‘सी विथ क्लासेस’ आरंभली. १९८३मध्ये तिला सी प्लस प्लस हे नाव मिळाले. त्याच सुमारास ओव्हरलोडिंग आणि व्हर्च्युअल फंक्शन, दोन्ही तिच्यात दाखल झाली. व्हर्च्युअल फंक्शनांचे पत्ते सहसा एका तक्त्यात असतात. प्रत्येक हाकेला तो तक्ता पाहावा लागतो. म्हणून नियम केला : ‘व्हर्च्युअल’ हा शब्द जो लिहील, त्यानेच ही किंमत मोजावी.

६/ १९९५च्या जावाने हा कौल फिरवला : ऑब्जेक्टच्या सामान्य मेथडचा निर्णय रनटाइमलाच. उलट सी प्लस प्लसने टेम्प्लेटद्वारे कंपाइल-टाइमची वाट रुंदावली. १९९८च्या प्रमाण आवृत्तीत ती स्थिरावली.

७/ तेव्हा हा भेद निव्वळ व्याख्येचा नव्हे. निर्णय आधी घेतला तर वेग मिळतो आणि चूकही लवकर सापडते. लांबणीवर टाकला तर उद्या येणाऱ्या अनोळखी वाहनासाठीही रांगेत जागा उरते. डाल आणि निगार्ड यांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार लाभला. २००२मध्ये दोघेही निवर्तले. त्यांचा ‘व्हर्च्युअल’ हा शब्द आजही रोज लिहिला जातो.